नारू, बारव आणि परळची प्रयोगशाळा

नांदेड-लातूरकडच्या साठी ओलांडलेल्या माणसासमोर ‘नारू’ हा शब्द उच्चारला की त्याचा हात आपसूक पोटरीकडे किंवा घोट्याकडे जातो. ज्यांना स्वतःला नारू झाला होता ते व्रण दाखवतात. ज्यांना झाला नव्हता ते बापाच्या किंवा चुलत्याच्या पायाचे वर्णन करतात. तिशीच्या आतल्या मुलांना मात्र हा शब्द समजावून सांगावा लागतो. एका महाविद्यालयात मी बारवांवर बोलत होतो, तेव्हा ‘नारू म्हणजे नारळाची जात का?’ असे एका मुलाने विचारले आणि वर्ग हसला. मला मात्र तो प्रश्न ऐकून बरे वाटले. एखादा रोग इतका जावा की त्याचे नावही पुढच्या पिढीला ओळखू येऊ नये, असे आपल्या भागात फार वेळा घडलेले नाही.

गेली काही वर्षे मी मराठवाड्यातल्या जुन्या विहिरी आणि बारवांच्या नोंदी करत हिंडतो. इतिहासाची पदवी माझ्याजवळ नाही, वैद्यकाचा तर संबंधच नाही. पायऱ्या मोजायच्या, कोनाडे आणि शिलालेख टिपायचे, गावातल्या जाणत्यांना विचारायचे, एवढाच उद्योग. पण गावोगाव एक गोष्ट खटकत गेली. चांगली घडीव दगडांची बारव, आणि खाली उतरण्याची वाट मात्र मध्येच भिंत घालून बंद केलेली. कुठे पायऱ्यांवर मुरूम टाकलेला, कुठे वर कठडा बांधून रहाट बसवलेला. ‘हे कुणी केलं?’ असे विचारले की ‘सरकारनं’ आणि ‘कशापायी?’ असे विचारले की ‘नारूपायी’. अशा रीतीने बारवांचा माग काढताना मी नारूपर्यंत पोचलो, आणि नारूचा माग काढताना थेट मुंबईच्या परळपर्यंत. हा जंत प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याचा शंभराहून अधिक वर्षांचा खटाटोप झालेला आहे, त्यातला एक महत्त्वाचा टप्पा आपल्या मुंबईत घडला, आणि मराठी वाचकाला त्याची फारशी माहिती नाही, म्हणून हा लेख.

आधी नावाविषयी. कानडीत ‘नारु’ म्हणजे तंतू, आणि नारूच्या फोडाला तिकडे ‘नारुहुण्णु’ म्हणतात. तेलुगूत ‘नार’ म्हणजे झाडाच्या सालीचा धागा, आणि रोगाचे नाव ‘नारिकुरुपु’. आमचा लातूर जिल्हा बीदरला लागून, नांदेड तेलंगणाला लागून. देगलूर-बिलोलीकडे आणि उदगीर-निलंग्याकडे या भाषा घरात बोलल्या जातात. तेव्हा मराठीतला नारू या शेजारातूनच आला असावा, असे माझे मत आहे. फारसीत आणि मध्य आशियात याच रोगाला ‘रिश्ता’ म्हणत, त्याचाही अर्थ धागाच. आयुर्वेदाच्या ग्रंथांत तो ‘स्नायुक’ म्हणून येतो. भावप्रकाशात त्याचे वर्णन आहे. शास्त्रीय नाव ‘ड्रॅक्युन्क्युलस मेडिनेन्सिस’, म्हणजे मदिनेचा छोटा ड्रॅगन. बाकी साऱ्यांनी धागा पाहिला, लॅटिन भाषेत नाव देणाऱ्यांनी सर्प पाहिला.

तो खरोखर धाग्यासारखाच असतो. मादी सत्तर-ऐंशी सेंटिमीटर, कधी मीटरभर लांब. जाडी जेमतेम दोन मिलिमीटर. नर चार सेंटिमीटरच्या आत. मादी माणसाच्या कातडीखालून सरकत बहुधा पायापर्यंत येते. तिथे फोड येतो, आगआग होते. आग शमवायला माणूस पाय पाण्यात घालतो. फोड फुटतो आणि पाण्याचा स्पर्श होताच मादी दुधासारखा पांढरा द्रव सोडते. त्यात लक्षावधी पिल्ले असतात. एकेक पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहून थोडे मोठे. पाण्यात ती थोडेच दिवस जगतात. तेवढ्या अवधीत त्यांना ‘सायक्लॉप्स’ नावाच्या जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या जलचराने गिळावे लागते. सायक्लॉप्सच्या अंगात साधारण दोन आठवड्यांत पिल्लू दोनदा कात टाकते आणि माणसाला लागण करण्याजोगे होते. मग ते पाणी कुणीतरी न गाळता पिते. पोटातल्या आम्लात सायक्लॉप्स मरतो, पिल्लू मोकळे होते, आतड्याच्या भिंतीतून बाहेर पडते, नर-मादीचा संयोग होतो, नर मरतो, मादी वाढत राहते. पाणी प्यायल्यापासून दहा ते चौदा महिन्यांनी पुन्हा पायाला फोड. मधल्या वर्षभरात त्या माणसाला काहीच कळत नाही.

हे चक्र बारवेत जितके सहज फिरते तितके दुसरीकडे कुठे नाही. रहाटाच्या विहिरीत माणूस वर उभा राहतो, त्याच्या पायाचा पाण्याशी संबंध येत नाही. नदीच्या वाहत्या पाण्यात पिल्ले आणि सायक्लॉप्स एका जागी राहत नाहीत. बारवेत मात्र घागर बुडवायला माणूस शेवटच्या पायरीवर, घोटाभर पाण्यात उभा राहतो. आमच्या काळ्या पाषाणात विहीर खणणे जिकिरीचे, म्हणून गावाला एखादीच, आणि तिच्यावर सारे गाव. चैत्र-वैशाखात पाणी तळाला गेले की सायक्लॉप्सची दाटी होई, आणि नेमक्या त्याच दिवसांत आदल्या उन्हाळ्याचे नारू बाहेर पडत. मृगाच्या पेरणीच्या तोंडावर गावातली कर्ती माणसे पाय धरून बसत. औसा तालुक्यातल्या एका आजींनी मला सांगितले, “लेकरा, नारू निगाला की त्या साली पेरणी गेली म्हणून समजायचं. मान्सं मरत नव्हती त्यानं. पर घर बसायचं.” मरण नसल्यामुळे या रोगाची सरकारदरबारी मोजदादही उशिरा झाली. प्लेग, पटकी, देवी यांनी माणसे मरत. नारूने फक्त हंगाम जाई.

उपाय एकच होता, आणि तो हजारो वर्षांचा. बाहेर डोकावलेले टोक काडीला गुंडाळायचे, रोज दोन बोटे ओढायचे, पाला बांधून ठेवायचे. कधी पंधरा दिवस, कधी दोन महिने. मध्येच तुटला तर आत राहिलेला भाग सडून पाय सुजे आणि माणूस कायमचा लंगडा होण्याची वेळ येई. गावात एखादा नारू काढण्यात तरबेज माणूस असे. अशा एका कुटुंबातले सत्तरीचे काका मला नांदेड जिल्ह्यात भेटले. त्यांचे वडील नारू काढत. “बाबा म्हनायचे, घाई करील त्यो वैद्य न्हाई,” एवढेच ते म्हणाले आणि हाताने काडी फिरवून दाखवली.

आता प्रयोगशाळेकडे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईत एच. जे. कार्टर नावाचे कंपनी सरकारचे डॉक्टर होते. पुढे स्पंजांचे जाणकार म्हणून त्यांचे नाव जगभर झाले. त्यांनी पाहिले की मुंबईतल्या एका शाळेतली मुले ज्या तळ्यात डुंबत, त्यांच्यात नारू फार होता. तळ्याचे पाणी सूक्ष्मदर्शकाखाली घातले तर त्यात बारीक गोलकृमी वळवळताना दिसले. नारूच्या पिल्लांशी त्यांचे साम्य होते. कार्टर यांनी निष्कर्ष काढला की तळ्यातले हे कृमी आंघोळीच्या वेळी कातडीतून आत शिरतात आणि आत वाढून नारू होतात. तर्क चुकीचा होता. तळ्यातले ते कृमी स्वतंत्र जगणारे, वेगळ्याच जातीचे. पण त्या काळी हा तर्क सर्वांत पटणारा होता, कारण फोड येतो तोही कातडीवर आणि बहुधा पाण्यात बुडणाऱ्या पायावर. आजही जुन्या माणसांना विचारा. ‘पाण्यात पाय घातला की नारू शिरायचा’ असेच ते सांगतात. कार्टर यांनी मुंबईत जे लिहिले तेच आमच्या गावांनी स्वतंत्रपणे ताडले होते.

ही गाठ सोडवली ती एका रशियन तरुणाने. अलेक्सेई फेदचेंको हा निसर्ग-अभ्यासक तुर्कस्तानच्या मोहिमेवर होता. १८७०च्या सुमारास समरकंदकडे त्याने नारूची पिल्ले सायक्लॉप्स असलेल्या पाण्यात सोडली आणि ती सायक्लॉप्सच्या अंगात शिरून कात टाकतात हे डोळ्यांनी पाहिले. माणूस हा सायक्लॉप्स पाण्याबरोबर पितो, असे त्याने सुचवले. पुढे १८७३मध्ये, तिशीही गाठण्याआधी, आल्प्सच्या बर्फात त्याचा अंत झाला. त्याच मुलखात, बुखारा शहरात, पुढे काय झाले ते इथेच सांगून टाकतो. बुखाऱ्यात पाण्याची मोठी दगडी कुंडे होती, चारी बाजूंनी पायऱ्यांची, आपल्या पुष्करणीसारखीच. लिओनिद इसाएव या सोव्हिएत डॉक्टराने १९२०च्या दशकात ती कुंडे उपसली, बुजवली, रुग्ण शोधून काढले, आणि १९३०च्या दशकाच्या आरंभी तिथला ‘रिश्ता’ संपला. जगात नारू ठरवून संपवल्याचे हे पहिले उदाहरण. औषध त्यात कुठेच नव्हते.

फेदचेंकोने पहिली अर्धी वाट दाखवली. उरलेली अर्धी इंग्लंडच्या रॉबर्ट लायपर यांनी. १९०५मध्ये ते पश्चिम आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टला गेले. लागण झालेले सायक्लॉप्स त्यांनी जठरात असते तेवढ्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकले. सायक्लॉप्स तत्काळ मेले आणि आतली पिल्ले मात्र जागी होऊन धडपडत बाहेर आली. मग केळ्यात घालून असे सायक्लॉप्स एका माकडाला चारले. सहा महिन्यांनी माकडाच्या शरीरात नारू सापडले. आपल्या देहातल्या ज्या आम्लाने जंतू मरतात, त्याच आम्लाने हा जंत जागा होतो, हे तेव्हा प्रथम स्पष्ट झाले.

पण माकड म्हणजे माणूस नव्हे. माणसात हे सिद्ध व्हायचे होते, आणि ते परळला झाले. परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये १८९९ साली हाफकिनांची प्लेगची प्रयोगशाळा आली होती. १९०६मध्ये तिचे नाव ‘बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ झाले, आणि १९२५मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट. प्लेगच्या पिसवांवर काम केलेले ग्लेन लिस्टन तिथे होते. त्यांच्याच काळात तिथे डॉ. डी. ए. तर्खड हे मराठी डॉक्टर काम करत. इंग्रजी कागदांत त्यांचे आडनाव ‘टर्खुड’ असे उच्चारावे लागेल अशा रीतीने छापलेले असते, म्हणून मराठी अभ्यासकाच्या नजरेतून ते सुटते. १९१३-१४च्या सुमारास तर्खडांनी नारूची पिल्ले सायक्लॉप्समध्ये वाढवली, आणि ते सायक्लॉप्स माणसांना पाण्यातून पाजले. सुमारे वर्षाने नारू बाहेर आला. पिण्याच्या पाण्यातल्या सायक्लॉप्समधूनच माणसाला नारू होतो, हे माणसावरच्या प्रयोगाने सिद्ध झाले ते या मुंबईच्या कामाने. नारूवरच्या जागतिक ग्रंथांत तर्खडांचा उल्लेख आजही येतो. आपल्याकडच्या विज्ञानाच्या इतिहासाच्या पुस्तकांत तो मला दिसलेला नाही.

या प्रयोगाशी मी बराच काळ अडखळलो. वर्षभर आत वाढणार, मग पाय फोडून बाहेर येणार, आणि ज्याला औषध नाही, असा जंत जाणूनबुजून कुणाला पाजायचा? त्या काळी माणसांवरच्या प्रयोगांना आजच्यासारखे नियम नव्हते. न्यूरेंबर्गची संहिता आली ती १९४७मध्ये. इंग्रजी ग्रंथ त्या माणसांना ‘स्वयंसेवक’ म्हणतात आणि पुढच्या ओळीला लागतात. तर्खडांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्याच वर्षी बारवेचे पाणी पिऊन याच रोगाची लागण झालेली हजारो माणसे दख्खनमध्ये होती, आणि त्यांच्या लागणीतून कुणाला काही शिकता येत नव्हते. तरीही नारूमुक्तीचा इतिहास सांगताना परळला पेलाभर पाणी प्यायलेल्या त्या माणसांना वगळले जाऊ नये, असे मला वाटते. नळाचे पाणी सुरक्षित का आणि बारवेचे का नाही, हा पुरावा त्यांच्या पायातून निघालेला आहे.

परळनंतरचे महत्त्वाचे काम म्हैसूर संस्थानात झाले. १९३०च्या दशकात तिथल्या आरोग्य खात्याचे डॉ. व्ही. एन. मूर्ती यांनी, रॉकफेलर फाउंडेशनच्या डब्ल्यू. सी. स्वीट यांच्याबरोबर, चित्रदुर्ग भागात नारूचा पाठपुरावा केला. त्यांनी कुत्र्यांना लागण झालेले सायक्लॉप्स पाजून त्यांच्यात नारू वाढवला. क्वचितच सापडणारा नर कसा असतो, याचे नीट वर्णन मूर्तींनी १९३७मध्ये केले. त्याहून मला आवडलेले त्यांचे काम म्हणजे मासे. पायऱ्यांच्या विहिरींत त्यांनी सायक्लॉप्स खाणारे छोटे मासे सोडले आणि नारू उतरतो हे दाखवले. आमच्याकडे विहिरीत मासे आणि कासव सोडण्याची जुनी रीत आहे; पाणी निवळ राहते असे लोक म्हणतात. मूर्तींनी त्या निवळपणाला मोजमाप दिले.

याच दशकात लातूरच्या उंबरठ्यावरही एक माणूस सायक्लॉप्स गोळा करत होता. क्नुट लिंडबर्ग हे स्वीडिश डॉक्टर. भारतातल्या सायक्लॉप्सच्या जातींवर त्यांनी मोठी लेखमाला लिहिली, तीही फ्रेंच भाषेत, आणि त्यात त्रावणकोर आणि मुंबईच्या जोडीला कुर्डुवाडीच्या पाण्याचे नमुने आहेत. दख्खनच्या एका खेड्यातल्या नारूची त्यांची पाहणीही फ्रेंचमध्येच प्रसिद्ध झाली. कुर्डुवाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वेचे मूळ गाव. अडीच फुटी रुळांची ही रेल्वे १८९७मध्ये बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९११मध्ये निजामाच्या हद्दीत लातूरपर्यंत आली. त्या छोट्या गाडीतून कापूस गेला, हळद-मिरची गेली, व्यापारी आले. बार्शीच्या बाजारातून एखादी लागण वर्षभर पोटात लपून लातूरच्या बारवेपर्यंत प्रवास करू शकत होती, हे या रोगाचा दीर्घ मुक्काम पाहता सहज समजते.

एवढे सगळे झाले, पण एक गोष्ट कुणालाच जमली नाही. नारू काचेच्या भांड्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाढवता आला नाही. सायक्लॉप्समधला पहिला भाग प्रयोगशाळेत होतो. दोन आठवडे, योग्य ऊब आणि निगा एवढ्यावर भागते. पुढचा भाग मात्र जिवंत शरीरातच होतो.

हे जंताच्या सगळ्याच जातींचे दुखणे आहे असेही नाही. ‘सिनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स’ हा मातीतला मिलिमीटरभर गोलकृमी, बशीत जिवाणूंची साय लावून दिली की तीन-साडेतीन दिवसांत पिल्लाचा प्रौढ होतो. सिडनी ब्रेनर यांनी १९६०च्या दशकात तो हाताशी धरला आणि त्या कामाला २००२मध्ये नोबेल मिळाले. पण तो कुणाच्या शरीरावर जगत नाही. परजीवी कृमींत समुद्रातल्या ‘अनिसाकिस’चे उदाहरण विलक्षण आहे. देवमाशाच्या आणि डॉल्फिनच्या जठरात हा प्रौढ होतो. त्याची पिल्ले आधी झिंग्यासारख्या बारीक जलचरांत, मग मासळीत जातात. कच्ची हेरिंग खाणाऱ्या हॉलंडमध्ये १९५०च्या दशकात पोटशूळाच्या रुग्णांत तो सापडला आणि तिथे मासळी गोठवण्याची सक्ती झाली. स्पेनमधल्या ग्रॅनाडा विद्यापीठातल्या अभ्यासकांनी माशातून काढलेली त्याची पिल्ले भांड्यात ठेवली: ३७ अंश उष्णता, कर्बवायूची भर, वासराच्या रक्तातला द्रव, आम्लता जठराइतकी, आणि जोडीला पेप्सिन. म्हणजे देवमाशाचे जठरच त्यांनी काचेत उभे केले. पिल्ले कात टाकत प्रौढ झाली आणि माद्यांनी अंडी घातली.

मग नारू का नाही? मला समजले ते असे. अनिसाकिसला एका पोकळीत राहायचे असते, आणि पोकळीची नक्कल करता येते. तिचे तापमान, तिचा आंबटपणा, तिच्यातले अन्न मोजता येते. नारू एका जागी राहतच नाही. आतड्यातून निघून तो पोटाच्या आणि छातीच्या स्नायूंत जातो, तिथे जोडीदार शोधतो, मग कातडीखालच्या सैल थरातून महिनोन्‌महिने पायाकडे उतरतो. प्रत्येक टप्प्याला वेगळे ऊतक आणि वेगळे अन्न. त्यात वर्षभराची मुदत. प्रयोगशाळेतले भांडे वर्षभर निर्जंतुक ठेवणे हेच कर्मकठीण; त्यात मीटरभर लांबीचा जीव वाढवायचा. त्यामुळे अभ्यासकांनी दुसरा मार्ग धरला. अमेरिकेत रॅकूनसारख्या प्राण्यांत या वंशातली एक बहीणजात मिळते, ती त्यांनी फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यात वाढवली. अलीकडे खुद्द नारूही फेरेटमध्ये वाढवून पाहिला गेला. समुद्री मासळीतही नारूचे नातलग आहेत. ‘फिलोमेट्रा’ हे तांबडे कृमी माशाच्या अंडाशयात राहतात आणि त्यांचाही मधला मुक्काम सायक्लॉप्सच्या जातभाईंत असतो. तेही काचेत सुखाने नांदत नाहीत.

काचेत न वाढण्याचा परिणाम सरळ होता. ज्या जंताचा साठा हाताशी नाही त्याच्यावर औषधे तपासणे अवघड. १९६०-७०च्या दशकांत मेट्रोनिडाझोल, थायाबेंडाझोल वगैरे गोळ्या रुग्णांवर वापरून पाहिल्या. सूज उतरे, नारू ओढणे सोपे जाई, पण जंत मारणारे औषध मिळाले नाही. लस नाहीच. म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत आमच्याकडे आरोग्य कर्मचारी आले तेव्हा त्यांच्या पिशवीत जे होते ते तर्खडांच्या वेळेपेक्षा फार वेगळे नव्हते: पाणी गाळा, पाय पाण्यात घालू नका.

राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४मध्ये सुरू झाला. १९८४च्या मोजणीत देशात ३९,७९२ रुग्ण आणि १२,८४० बाधित गावे निघाली. बाधित राज्यांत महाराष्ट्र होता. वर्षातून गावोगाव शोधफेऱ्या निघत. शाळेच्या आणि चावडीच्या भिंतींवर नारूचे चित्र रंगवलेले असे. आमच्या पिढीने ते पाहिलेले आहे. दुहेरी कापडाची गाळणी वाटली. पाण्यात टेमेफॉस टाकले, सायक्लॉप्स मारायला. आणि पायऱ्या बंद केल्या. पण खरा धक्का त्याआधीच बसलेला होता, असे मला फिरताना जाणवले. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यात बोअर घेण्याची यंत्रे आली आणि पाठोपाठ हातपंप. हातपंपाच्या पाण्यात सायक्लॉप्स नाही, पाय बुडवायला जागा नाही. लोकांनी नारूच्या भीतीने बारव सोडली असे मात्र फार थोड्या ठिकाणी झाले. बायांना चाळीस पायऱ्या घागर घेऊन चढायच्या नव्हत्या, म्हणून बारव सुटली.

आणखी एक कारण होते, ते सरकारी पुस्तिकांत नाही. बारव गावाची म्हणत, पण तिच्या पाण्याला सगळ्या गावाने हात लावायचा नसे. दलित वस्तीतल्या बाया वर थांबत आणि कुणी उतरून वरून पाणी घाले तेव्हा त्यांची घागर भरे. लातूर जिल्ह्यातल्या एका वयस्क बाईंनी सांगितले, “आमाला खाली उतरू देत न्हवते, पर नारू आमालाबी व्हायचाच की.” घागरीत पडलेल्या पाण्यात सायक्लॉप्स तेच असत. त्यामुळे बारवेच्या तोंडावर भिंत आली तेव्हा तिच्या घडीव दगडांबद्दल हळहळणारे लोक एका बाजूच्या आळीतले होते. वस्तीत स्वतःचा हातपंप आला त्या दिवसाची आठवण त्या बाई सणासारखी सांगत होत्या.

१९९६ साली देशात ९ रुग्ण उरले होते, तेही राजस्थानात. त्या जुलैत जोधपूरकडचा शेवटचा. फेब्रुवारी २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. जगात १९८६मध्ये पस्तीस लाखांच्या घरात असलेले रुग्ण आता वर्षाला पंधरा-वीसच्या आत आले आहेत. शेवट मात्र रेंगाळला आहे. आफ्रिकेतल्या चाडमध्ये दहा वर्षे रुग्ण नव्हते, ते २०१०मध्ये पुन्हा दिसले, आणि २०१२पासून तिथल्या कुत्र्यांत नारू मोठ्या संख्येने सापडू लागला. कुत्री पाण्यातून सायक्लॉप्स गिळतात की बेडूक आणि मासळीच्या आतड्यांतून लागण घेतात, याचा शोध घेण्यासाठी प्रयोगशाळेत बेडकांच्या पिलांना सायक्लॉप्स चारले गेले, तेव्हा त्यांच्यात नारूची पिल्ले जिवंत राहतात असे दिसले. मूर्तींनी चित्रदुर्गला कुत्र्यांना पाजलेल्या सायक्लॉप्सचे महत्त्व असे ऐंशी वर्षांनी पुन्हा वर आले.

देवीचा विषाणू १९८०मध्ये जगातून गेला, तरी अमेरिकेत आणि रशियात तो गोठवून ठेवलेला आहे. नष्ट करावा की ठेवावा यावर वाद चालूच आहे. नारू नुसत्या काचेत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाढवता येत नाही. ज्या दिवशी शेवटचे कुत्रे आणि शेवटचा माणूस मोकळा होईल, त्या दिवसानंतर तो निसर्गात कुठेही नसेल.

इकडे बारवांना मात्र पुन्हा दिवस आले आहेत. गाळ उपसला जातो आहे, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लागतात, परभणी जिल्ह्यातल्या चारठाणा-वालूरच्या बारवा बघायला पुण्या-मुंबईची माणसे येतात. मीही त्या कामात आहे. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली, बार्शी लाइटच्याच जुन्या वाटेने, आता मोठ्या रुळांवरून. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. तेव्हापासून ‘जुन्या बारवा उघडा’ ही मागणी ग्रामसभांत हमखास येते. उघडाव्यातच. पायऱ्या मोकळ्या कराव्यात, कोनाडे साफ करावेत, भूजल मुरू द्यावे. पिण्याचे पाणी मात्र वरूनच, पंपाने किंवा रहाटाने काढावे, आणि तळाशी जाळी घालून चार मासे सोडावेत. गेल्या वर्षी एका गावात मी एवढे सांगितले, तेव्हा सरपंचांनी विचारले, “नारू गेला ना सर?” मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यांनी धोतर वर करून नडगीवरचा व्रण त्यांना दाखवला, आणि ठरावात मासे सोडण्याची ओळ आली.